खाणीच्या वहीत न लिहिलेला धातू

जपानबद्दल लिहायला बसलं की स्वच्छतेचा विषय टाळता येत नाही. इथल्या रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, शाळेतली मुलं आपला वर्ग आपणच झाडतात, वगैरे वगैरे. हे सगळं खरंच आहे, आणि तुम्ही ते शंभर वेळा वाचलेलंही आहे. म्हणून आज जरा दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो. या स्वच्छतेच्या खाली, अगदी जमिनीखाली, काय आहे ते बघू.

ओजिमा हा टोकियोच्या पूर्वेकडचा, कोतो वॉर्डातला भाग. लिहिताना 'मोठं बेट' असं लिहितात, पण बेट वगैरे काही उरलेलं नाही. सखल जमीन, कालवे, आणि उंच उंच सरकारी वसाहती. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथे आणि जवळच्या निशी-कासाईत भारतीयांची चांगलीच वस्ती झाली आहे, त्यात मराठी घरंही बरीच. रविवारी ही सगळी मंडळी पोराबाळांना घेऊन जातात ती ओजिमा-कोमात्सुगावा उद्यानात. जुन्या नाकागावा नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेली मोठी हिरवळ आहे. पलीकडच्या काठावर एक उंचवटा आहे, त्याचं नाव 'वाऱ्याचं मैदान'. नाव सुंदर आहे, जागाही सुंदर आहे.

त्या मैदानाखाली क्रोमियमची मळी पुरलेली आहे.

झालं असं. १९७३ मध्ये टोकियो महानगर सरकारने भुयारी रेल्वे आणि पुनर्विकासासाठी इथल्या एका रसायन कंपनीच्या जुन्या कारखान्याची जमीन विकत घेतली. खणल्यावर क्रोमियमच्या खनिजातून काम काढून घेतल्यावर उरलेली मळी निघाली, आणि ती भरमसाट निघाली. तिच्यात षट्संयुजी क्रोमियम होतं, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप. कारखान्यात राबलेल्या कामगारांच्या नाकातल्या पडद्यांना भोकं पडली होती, काहींना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. १९७५ मध्ये हे प्रकरण देशभर गाजलं. आता एवढी मळी उचलून न्यायची कुठे? शेवटी रासायनिक प्रक्रिया करून क्रोमियमचं कमी घातक रूप केलं, मळी एकत्र करून बंदिस्त केली, वर मातीचे थर दिले आणि त्यावर उद्यान उभं केलं. आपली पोरं तिथे क्रिकेट खेळतात. घाबरण्याचं कारण नाही, त्या जागेवर महानगराची नजर असते. पण 'कचरा गेला कुठे' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा 'कुठेच नाही' असं असतं, हे इथे उभं राहिलं की पटतं.

क्रोमियमची ही मळी कारखान्याची देणगी. पण धातूंच्या बाबतीत हा प्रश्न कारखान्याच्याही आधी, थेट डोंगराच्या पोटात सुरू होतो. आजचा माझा मुद्दा तिथला आहे. त्यासाठी टोकियो सोडून मध्य जपानच्या डोंगरांत, गिफू प्रांताच्या उत्तर टोकाला असलेल्या कामिओकाच्या खाणीकडे जावं लागेल.

कामिओका हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल ते न्यूट्रिनोंमुळे. या खाणीच्या मोझुमी भागात, डोंगराखाली सुमारे हजार मीटर खोल, ५० हजार टन अतिशुद्ध पाण्याची टाकी आहे, सुपर-कामिओकांदे. इथल्या प्रयोगांनी जपानला दोन नोबेल दिली, २००२ मध्ये कोशिबांना आणि २०१५ मध्ये काजितांना. पण टाकी बसवायला तिथे इतकं खोल भुयार आयतं कसं मिळालं? कारण मित्सुई कंपनीने १८७४ पासून हा डोंगर पोखरला होता. जस्त, शिसं आणि थोडी चांदी यांच्यासाठी.

भूशास्त्रज्ञ या प्रकारच्या साठ्याला 'स्कार्न' म्हणतात. हा शब्द मूळचा स्वीडनमधल्या खाणकामगारांचा, आणि त्याचा अर्थ गमतीदार आहे. लोहखनिजाबरोबर निघणारा जो निरुपयोगी दगड ते बाजूला फेकून देत, तो स्कार्न. थोडक्यात, टाकाऊ माल. पुढे शास्त्रज्ञांनी तोच शब्द उचलला आणि एका विशिष्ट जातीच्या खडकाला चिकटवला.

स्कार्न तयार कसा होतो, हे स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगता येतं. चुनखडी हा थंड, गरीब खडक. जवळपास सगळा कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या शेजारी खालून शिलारस घुसला की त्याची आंच लागतेच, पण आंचेपेक्षा महत्त्वाचं असतं ते त्याच्यातून सुटणारं कढत पाणी. कित्येक शे अंश तापमानाचं, प्रचंड दाबाखालचं, आणि त्यात सिलिका, लोह, जस्त, शिसं, तांबं, गंधक असं काय काय विरघळलेलं. हे पाणी चुनखडीत शिरलं की दोघांची देवाणघेवाण सुरू होते. चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कॅल्शियम मागे राहतं आणि सिलिकाशी, लोहाशी जमवून घेतं. त्यातून गार्नेट, पायरॉक्सिन, वोलास्टोनाइट अशी कॅल्शियमची नवी खनिजं जन्मतात. मग सगळं जरा निवतं, आणि पाण्यात इतका वेळ विरघळून राहिलेले धातू गंधकाबरोबर खाली बसतात. जस्ताचं होतं स्फॅलेराइट, शिशाचं गॅलेना, तांब्याचं चाल्कोपायराइट. काम इतकं सावकाश चालतं की एकाच हातात धरता येईल अशा दगडात एका बाजूला पांढरा संगमरवर, मध्ये हिरवा पायरॉक्सिन आणि त्यात काळपट चमकणारं स्फॅलेराइट असा सगळा इतिहास ओळीने दिसतो.

कामिओकात हे घडलं ते साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्याकडे सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास. इथल्या कामगारांनी खनिजाला स्वतःची नावं दिली होती. गडद हिरव्या हेडेनबर्गाइटमध्ये, म्हणजे लोहयुक्त पायरॉक्सिनमध्ये, मिसळलेलं खनिज ते 'मोकुजी'. 'मोकु' म्हणजे लाकडातल्या रेषांची नक्षी. गारेत आणि कॅल्साइटमध्ये आलेलं पांढरं ते 'शिरोजी'. साडीचं अंग कुठल्या रंगाचं यावरून आपण साडी ओळखतो, तसं हे लोक दगड ओळखत.

आता येतो तो वहीत न लिहिलेला धातू.

जस्ताशी माझा कामामुळे रोजचा संबंध आहे. पोलाद गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा लेप देतात. आपल्या गावाकडचे पत्रे, पाण्याच्या बादल्या, विजेचे खांब सगळे याच कृपेवर टिकतात. पण निसर्गात जस्त कधी एकटं येत नाही. मूलद्रव्यांच्या तक्त्यात जस्ताच्या बरोबर खाली कॅडमियम बसलेलं आहे. दोघांचा स्वभाव एक, त्यामुळे स्फॅलेराइटच्या स्फटिकात जस्ताच्या जागी अधूनमधून कॅडमियम बिनबोभाट बसून जातं. प्रमाण किती? साधारण टक्क्याचा काही दशांश भाग. १८१७ मध्ये जर्मनीत स्ट्रोमायरला कॅडमियमचा शोध लागला तोसुद्धा जस्ताच्याच एका संयुगात, भेसळ म्हणून.

टक्क्याचा काही दशांश म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? कामिओकातून सव्वाशे वर्षांत सुमारे साडेसात कोटी टन खनिज निघालं. त्यात जस्त होतं चार-पाच टक्के म्हणा. गुणाकार तुम्हीच करा. शिवाय सुरुवातीच्या काळात तंत्र एवढं कच्चं होतं की खनिजातलं बरंचसं जस्त हाती लागतच नसे, ते गाळाबरोबर वाहून जाई. पुढे खनिज पिठासारखं बारीक दळून फेसावर तरंगवून वेगळं काढायची पद्धत आली. उत्पादन वाढलं, पण हातून सुटणारा गाळही आता पिठासारखा झाला. बारीक गाळ दूर जातो आणि लवकर विरघळतो. खाणीखालचं पाणी पुढे जाऊन मिळतं ते जिन्झू नदीला. ती उत्तरेला तोयामाच्या सपाट प्रदेशात उतरते, आणि तिचं पाणी पाटांतून भातशेतीत जातं.

भाताने कॅडमियम उचललं. लोकांनी भात खाल्ला. कॅडमियम शरीरात गेलं की मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं हलत नाही. मूत्रपिंडाच्या नलिका बिघडल्या की शरीराला हवे असलेले क्षार लघवीतून निघून जातात, आणि हाडं मऊ पडतात. सर्वाधिक झळ बसली ती चाळिशीच्या पुढच्या, अनेक बाळंतपणं झालेल्या शेतकरी बायकांना. नुसतं खोकल्याने बरगडी मोडायची. त्या 'इताई, इताई' म्हणून विव्हळत, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. आजाराचं नावच 'इताई-इताई' पडलं. गावात बरीच वर्षं समजूत अशी की हे काहीतरी पूर्वजन्मीचं पाप आहे. घरचे लोक आजारी बाईला लपवून ठेवत. आपल्याकडे असतं तर वेगळं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

हागिनो नोबोरू नावाच्या तिथल्याच एका डॉक्टरांनी १९५७ मध्ये बोट दाखवलं ते खाणीकडे. १९६१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅडमियमचं नाव घेतलं. सरकारने ते मान्य केलं १९६८ मध्ये. त्याच वर्षी लोक कोर्टात गेले, १९७१ मध्ये जिंकले, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये वरच्या कोर्टातही जिंकले. जपानच्या खाण कायद्यात एक चांगलं कलम होतं. खाणीमुळे नुकसान झालं एवढं सिद्ध केलं की पुरे, मालकाचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. त्यामुळे खटला 'चूक कुणाची' यावर न अडकता 'कारण काय' यावर चालला.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. मला महत्त्वाचं वाटतं ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते. लोकांचे प्रतिनिधी नुकसानभरपाईचा निकाल घेऊन थेट टोकियोत मित्सुईच्या मुख्य कचेरीत गेले आणि तीन कागदांवर सह्या घेऊनच बाहेर पडले. पहिला कागद भरपाईचा. दुसरा बिघडलेल्या शेतजमिनीचा. तिसरा प्रदूषण रोखण्याचा करार, आणि त्यातलं कलम असं: गावकऱ्यांना वाटेल तेव्हा ते आपल्या पसंतीचे तज्ज्ञ घेऊन खाणीत आणि कारखान्यात शिरू शकतील, नमुने घेऊ शकतील, कागद मागू शकतील, आणि खर्च कंपनी देईल.

हे कलम कागदावर राहिलं नाही. तेव्हापासून दर वर्षी शेतकरी, वकील, प्राध्यापक अशी मंडळी खाणीत जात आली. गाळाचे बंधारे, सांडपाण्याचे पाट, जुनी भुयारं, सगळं तपासून कुठून किती कॅडमियम झिरपतं याची यादी करत आली. कंपनीचे इंजिनियर सुरुवातीला कपाळाला आठ्या घालत असणार, पण पुढे तेच या यादीनुसार एक एक भोक बुजवत गेले. आज जिन्झूच्या पाण्यातलं कॅडमियम निसर्गतः असतं तेवढ्यावर आलेलं आहे. शेतजमिनीची वरची माती बदलण्याचं काम १९७९ मध्ये सुरू झालं ते २०१२ मध्ये संपलं. सुमारे ८६० हेक्टर जमीन आणि सुमारे ४ हजार कोटी येन. खाण २००१ मध्ये थांबली, २०१३ मध्ये दोन्ही बाजूंनी अखेरच्या समझोत्यावर सह्या केल्या. तरी तपासणी थांबवलेली नाही, कारण डोंगराला खाण बंद झाल्याचं कुणी कळवलेलं नाही. पाऊस पडतो, पाणी झिरपतं.

माझं मत मी सरळ सांगतो. जपानने जे कमावलं ते यंत्रांमुळे कमी आणि त्या एका कलमामुळे जास्त. गाळण्या, बंधारे, रसायनं ही सगळ्या जगाला विकत मिळतात. बाहेरच्या माणसाला आत येऊन वही उघडून बघण्याचा हक्क विकत मिळत नाही, तो मिळवावा लागतो.

यावर खाण व्यवसायातले लोक दोन गोष्टी म्हणतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली, 'तुम्हाला जस्ताचे पत्रे हवेत की नकोत?' हवेत, शंभर वेळा हवेत. खाणी बंद करा असं मी म्हणत नाही. उलट कॅडमियम नीट मोजून वेगळं काढलं तर तोही विकला जाणारा माल आहे, बॅटऱ्यांत लागतो. हिशेबात धरला तर माल, नाही धरला तर विष, एवढाच फरक. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. 'जपानने आपल्या खाणी बंद केल्या आणि खनिज बाहेरून आणलं, मग नद्या स्वच्छ होणारच.' खरं आहे. गोव्याच्या डोंगरातलं लोहखनिज १९५० च्या दशकापासून बोटी भरभरून याच देशात येत होतं. इथलं पोलाद चकचकीत झालं, आणि खनिज काढताना निघालेल्या मातीचे ढिगारे मात्र डिचोली-सत्तरीच्या शेतांशेजारी राहिले. पण कामिओकाची नदी सुधारली ती खाण चालू असतानाच, बंद पडायच्या आधीची तीस वर्षं. म्हणजे चालत्या खाणीतही हे जमतं.

आता आपल्याकडे येऊ. गंमत बघा, न्यूट्रिनोंच्या बाबतीत कामिओकाच्या आधी आपलं कोलार होतं. वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो पहिल्यांदा सापडले ते १९६५ मध्ये, कोलारच्या सोन्याच्या खाणीत. त्या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेबरोबर जपानच्या ओसाकाचे शास्त्रज्ञही होते. कोलारची खाणही बंद पडली ती २००१ मध्येच. दोन्ही खाणी खोल, दोन्हींत विज्ञान, दोन्ही एकाच वर्षी थांबल्या. पण कोलारमध्ये सोनं धुऊन उरलेल्या गाळाच्या टेकड्या तशाच उभ्या राहिल्या, आणि वारा सुटला की त्यांची धूळ वस्त्यांवर जात राहिली. तिथल्या लोकांच्या हातात 'वाटेल तेव्हा आत येऊ' असा कागद कधीच आला नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राचाही आहे. गडचिरोलीत सूरजागडचं लोखंड निघतं आहे. सिंधुदुर्गात कणकवलीच्या बाजूला क्रोमाइट आहे, म्हणजे ज्याच्या मळीवर ओजिमाचं उद्यान उभं आहे ते खनिज. नागपूर जिल्ह्यात कोलारी-भानोरी भागात जस्ताचं खनिज असल्याचं भूवैज्ञानिकांनी नोंदवलेलं आहे. ते स्कार्न जातीचं नाही, पण स्फॅलेराइट तेच, आणि त्याचा पाहुणाही तोच. उद्या तिथे खाण झाली तर बातमी येईल ती एवढीच: इतके टन जस्त, इतक्या नोकऱ्या, इतकी रॉयल्टी.

आपल्याकडे कागद कमी नाहीत. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आहेत, त्यांच्याकडे पैसा येतो. खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो. कंपनी दर सहा महिन्यांनी अनुपालनाचा अहवालही देते. पण हा अहवाल लिहिते कोण? जिची परीक्षा तीच. गावकरी फाटकाबाहेर उभा असतो, आणि आत काय चाललंय ते त्याला कळतं विहिरीचं पाणी बदललं की मग.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. यापुढे आपल्या जिल्ह्यात खाणीची जनसुनावणी झाली तर नोकऱ्या किती हे जरूर विचारा, पण त्याच्याआधी तीन गोष्टी विचारा. ज्या धातूसाठी खाण काढताय त्याच्याबरोबर आणखी काय काय बाहेर येणार आहे, त्याची पूर्ण यादी टक्केवारीसकट मराठीत द्याल का? त्यातलं काय गाळात जाईल, काय पाण्यात आणि काय धुळीत? आणि आम्ही आमचा माणूस घेऊन, तुमच्या खर्चाने, न सांगता आत आलो तर फाटक उघडाल का, खाण बंद झाल्यानंतरही?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कोणताही बरा भूशास्त्रज्ञ आठवड्याभरात देऊ शकतो, ती डोंगरातच लिहिलेली असतात. अडतं ते तिसऱ्याशी. तोयामाच्या शेतकऱ्यांनी त्याचं उत्तर तोंडी घेतलं नाही, सही घेतली. आणि ती भरपाईच्या पैशांचा कागद झाल्यावरही उठून न जाता, त्याच बैठकीत घेतली. आपण निदान परवानगी देण्याआधी मागू या.